पट्टा भरकटतो, दोष कुणाचा?

लाकूड कापणाऱ्या यंत्रांमध्ये पट्टा करवत हे दिसायला अगदी साधे यंत्र. वर एक चाक, खाली एक चाक, दोहोंवर ताणून बसवलेला पोलादी दातेरी पट्टा आणि मध्ये लाकूड टेकवायचे मेज. वखारीतला अजस्र 'बँडसॉ' असो की फर्निचरच्या कारखान्यातला छोटा, मूळ रचना एकच. या यंत्राविषयीच्या तक्रारीही सर्वत्र त्याच असतात. पट्टा चाकावरून सरकतो. रेषेवर धरलेले लाकूड तिरके कापले जाते. फळीच्या पोटाला फुगवटा येतो. परवा घातलेला पट्टा आज तडकतो. त्यावरचे उपायही ठरून गेले आहेत. पट्ट्याला नावे ठेवायची, ताण आणखी चढवायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर नवा पट्टा आणायचा. नवा पट्टाही आठवड्याभरात जुन्याच्याच वाटेने जातो. मग पट्टा विकणारा चालवणाऱ्याकडे बोट दाखवतो, चालवणारा विकणाऱ्याकडे, आणि यंत्र जसे होते तसेच चालू राहते.

हा वाद एखाद्या सुतारशाळेपुरता किरकोळ आहे, असे कुणाला वाटेल. पण त्याची किंमत मोजून पाहावी. तीनशे मिलिमीटरच्या ओंडक्यातून पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या आहेत आणि करवतीच्या प्रत्येक कापात दोन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, असे धरू. पट्टा सरळ चालला तर अकरा फळ्या निघतात. तोच पट्टा भरकटत असेल तर नंतर रंधून सरळ करण्यासाठी प्रत्येक फळी तीन मिलिमीटर जाड कापावी लागते आणि फळ्या निघतात दहा. म्हणजे अकरातली एक फळी भुशात गेली. सागाचे झाड तोडण्याजोगे व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर वनातील वृक्षतोडीवर कडक निर्बंध आले आणि २००२ च्या आदेशाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नव्या सॉ मिलला परवाना देण्यास राज्यांना मनाई झाली. लाकूड असे दुर्मीळ आणि महाग झालेले असताना अकरातली एक फळी केवळ हलगर्जीपणाने गमावणे कोणत्या हिशेबात बसते?

जोडाचे महत्त्व

या यंत्राचा इतिहासच पट्ट्याच्या गुणवत्तेचे महत्त्व सांगून जातो. पट्टा करवतीची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०९ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. परंतु पुढची जवळजवळ चार दशके ती कागदावरच राहिली. चाकांवरून सतत वाकणारा पट्टा टिकत नसे. एक तर पोलाद तडकायचे, नाहीतर जोड सुटायचा. १८४६ मध्ये आन पोलँ क्रेपँ या फ्रेंच महिलेने पट्ट्याची टोके भक्कम जोडण्याची पद्धत शोधली आणि पॅरिसच्या पेरँ या कारखानदाराने ती विकत घेऊन, चांगल्या पोलादाची साथ देऊन, हे यंत्र व्यवहारात आणले. यंत्राची कल्पना तयार होती, चाके तयार होती. अडले होते ते एका जोडापाशी.

आजही ते बऱ्याच अंशी तिथेच अडते. आपल्या बाजारात पट्टे पुष्कळदा मोठ्या गुंडाळीच्या रूपाने येतात आणि गिऱ्हाईक सांगेल त्या लांबीचे कापून दुकानातच जोडून दिले जातात. पोलाद कितीही नामांकित कारखान्याचे असले तरी पट्ट्याचे आयुष्य ठरते ते त्या जोडणाऱ्याच्या हातावर. दोन टोके एका रेषेत न बसवता जोडली तर पट्ट्याची पाठ त्या जागी वाकडी होते. जोडल्यानंतर मंद आच देऊन कडकपणा उतरवला नाही तर तो भाग काचेसारखा ठिसूळ राहतो. जोडावरचा फुगवटा नीट घासला नाही तर तो प्रत्येक फेरीत गाइडला टक्कर देतो. या तिन्ही गोष्टी पट्टा विकत घेतानाच तपासता येतात. सपाट फरशीवर पट्टा ठेवून त्याच्या पाठीला पोलादी पट्टी लावली आणि जोडावरून बोट फिरवले की निम्मे सत्य तिथेच कळते. पण पट्टा असा तपासून घेणारे गिऱ्हाईक विरळा आणि तपासू देणारा दुकानदार त्याहून विरळा.

खडूची खूण

तथापि सगळा दोष पट्ट्याच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. विकणारा आणि चालवणारा यांच्यातला वाद मिटवण्याचा एक अत्यंत सोपा मार्ग आहे आणि त्याला खडूच्या तुकड्यापलीकडे काही लागत नाही. यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण तोडावा. पट्ट्याच्या जोडावर एक खूण करावी, वरच्या चाकावर दुसरी. गाइड मागे सारावेत आणि हातमोजे घालून चाक हाताने सावकाश फिरवावे. पट्ट्याची लांबी चाकाच्या परिघाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे पट्ट्याची एक फेरी पुरी होईपर्यंत चाकाच्या दोनाहून अधिक फेऱ्या होतात. आता पट्ट्याच्या पाठीकडे पाहत राहावे. जोडाची खूण समोर येते तेव्हाच पाठ मागेपुढे हलली तर दोष जोडाचा. चाकाच्या प्रत्येक फेरीला हलली तर दोष चाकाचा. आणि पट्टा असा ठेका न धरता एकाच दिशेने सरकत गेला तर चाकाचा कल किंवा ताण चुकला आहे, असे समजावे.

चाकाचे दोषही ठरलेलेच असतात. छोट्या यंत्रांच्या चाकांवर रबराची धाव असते आणि तिला मध्यभागी किंचित उंचवटा दिलेला असतो. ताणलेला पट्टा या उंचवट्याकडे ओढला जातो आणि त्यामुळेच तो चाकावर टिकून राहतो. वर्षानुवर्षांच्या वापराने हा उंचवटा झिजतो, त्यावर भुसा आणि डिंक यांचे थर बसतात आणि मग पट्टा जागा सोडतो. अशा वेळी वरच्या चाकाचा कल बदलणारा स्क्रू पिळत बसण्याऐवजी आधी धाव खरवडून स्वच्छ करावी, ती झिजली असल्यास बदलावी. वखारीतल्या रुंद पट्ट्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना रोलरखाली दाबून आतून ताण द्यावा लागतो. मधला भाग किंचित लांबवला की दात्यांची कड ताठ राहते. हे काम डोळा आणि हात तयार झालेल्या माणसाचेच आहे.

पट्टा तडकतो तेव्हा त्याची चीरसुद्धा कारण सांगत असते. पट्टा जोडावरच तुटला तर जोड कच्चा. पाठीकडून चिरा पडल्या तर तो मागच्या गाइडवर सतत घासत होता. दात्यांच्या मुळांशी ओळीने चिरा दिसल्या तर बहुधा पट्टा चाकाच्या मानाने जाड आहे किंवा बोथट झाल्यावरही रेटला गेला आहे. पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढी असावी, असा जुना ठोकताळा आहे. चारशे मिलिमीटरच्या चाकावर 'मजबूत' म्हणून पाऊण किंवा एक मिलिमीटरचा पट्टा चढवला तर तो लवकरच मोडणार. साडेतीन मीटर लांबीचा पट्टा मिनिटाला हजार मीटर वेगाने धावत असेल तर त्याचा प्रत्येक बिंदू मिनिटाला पाचशेहून अधिक वेळा वाकून सरळ होतो. आठ तासांच्या पाळीत ही संख्या अडीच लाखांपलीकडे जाते. पट्टा जितका जाड तितका हा प्रत्येक बाक त्याला अधिक महाग पडतो.

पट्टा चाकावर स्थिर आहे आणि तरीही काप तिरका जातो, तेव्हा पाहावे दात्यांकडे. दाते आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे वाकवलेले असतात. एका बाजूचा वाक कमी झाला किंवा लाकडातल्या खिळ्याने एका बाजूची धार गेली की पट्टा धार शिल्लक असलेल्या बाजूकडे ओढला जातो. जाड लाकडाला बारीक दात्यांचा पट्टा लावला तर दात्यांमधली जागा भुशाने भरून जाते, पट्टा आत वाकतो आणि फळीच्या पोटाला फुगवटा येतो. सागवानात सिलिकेचे कण असतात, त्याने धार लवकर मरते. म्हणून साग कापणाऱ्या वखारीत पट्टा अधिक वेळा उतरवून धारेला लावावा लागतो. गाइडकडे वळायचे ते हे सारे झाल्यावर, शेवटी. भरकटणाऱ्या पट्ट्याला गाइडच्या कैचीत दाबून धरणे म्हणजे ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटर लपवणे होय.

कारागिराची उपेक्षा

हे ज्ञान गुप्त नाही, गहनही नाही. मग ते कारखान्यात दिसत का नाही? याचे कारण आपल्या कामाच्या संस्कृतीत शोधावे लागते. 'चालतंय ना, मग चालू दे' हे वाक्य आपल्या असंख्य छोट्या उद्योगांचे ब्रीद होऊन बसले आहे. यंत्र बंद ठेवून तपासण्यात घालवलेला अर्धा तास मालकाला तोटा वाटतो. वाकड्या फळ्यांचा ढीग मात्र तोटा वाटत नाही, कारण तो वहीत कुठेच लिहिला जात नाही. त्यातच पट्ट्यांना धार लावणारा, दाते वाकवणारा, ताण देणारा जाणता कारागीर आपण जपला नाही. त्याच्या हाताला यंत्राच्या किमतीइतकी किंमत कधी दिली गेली नाही. मग त्याच्या मुलाने तो धंदा का धरावा?

परिणाम शेवटी भोगतो तो मेजापाशी उभा असलेला कामगार. बोथट, भरकटणाऱ्या पट्ट्यावर लाकूड जोर लावून रेटावे लागते. जोर लावलेला हात निसटला तर तो कुठे जाईल, हे सांगायला नको. पट्ट्यावरचे आवरण काढून ठेवणे आणि वरचा गाइड लाकडाच्या लगत न आणता वीतभर उंच ठेवणे या सवयी त्या धोक्यात भरच घालतात.

उपाय अवघड नाहीत. पट्टा विकणाऱ्याने बिलावर रुंदी, जाडी, दर इंचातील दात्यांची संख्या, पोलादाचा प्रकार आणि जोडणाऱ्याचे नाव लिहावे आणि जोडाची हमी द्यावी. वखारवाल्यांच्या आणि फर्निचर उत्पादकांच्या संघटनांनी असे बिल असल्याशिवाय माल न घेण्याचा संकेत पाळावा. देशी मालाचा आग्रह धरणाऱ्यांनी तर हे आधी करायला हवे. स्वदेशीच्या नावाखाली कच्चा जोड खपवून घेतला तर गिऱ्हाईक अखेरीस परदेशी पट्ट्याकडेच वळेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य तिच्यात मिळते. अवजार हातात देणे हे अर्धे काम झाले. ते राखायला शिकवणे हे उरलेले अर्धे. बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत प्रगत सुतारकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तशाच धर्तीवर चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानपट्ट्यात आणि कोकणात पट्ट्याची निगा शिकवणारे छोटे अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून का सुरू होऊ नयेत?

आणि शासनाची वाट न पाहता करण्याजोगे पहिले काम तर प्रत्येक कारखान्याच्या हाती आहे. दर आठवड्याला अर्धा तास यंत्र थांबवावे, चाके स्वच्छ करावीत, खडूची खूण करून पट्टा फिरवून पाहावा आणि दिसले ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे नेमके काय बिघडले होते ते कळते. अशी वही ज्या कारखान्यात असेल त्याचा मालक दुकानदाराशी भांडणार नाही. तो वही उघडून दाखवेल. विश्वकर्म्याच्या तसबिरीला वर्षातून एकदा हार घालणाऱ्या आपल्या समाजाने उरलेल्या दिवसांत ही एवढी वही ठेवायला कोणतीच हरकत नसावी.