भाताची पाने आणि जंबुपार किरण

राहुरी तालुका ऊस व कांदा यांसाठी ओळखला जातो. परंतु तेथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अकोले, इगतपुरी व मावळ हे भाताचे तालुकेही मोडतात. या भागात भाताचे पान पिवळे वा तांबूस दिसले, की सारा दोष उन्हावर किंवा ओझोनच्या विरळ झालेल्या थरावर टाकणे सोपे असते. ते बरोबर मात्र नसते. आणि निदान चुकले म्हणजे उपायही चुकतो.

सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरण पानाला अपाय करतात, यात शंका नाही. पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे दुवे ते बिघडवितात. परंतु वनस्पती निराधार नाही. पानाच्या वरच्या थरातील द्रव्ये हे किरण बरेचसे शोषून घेतात, आणि झालेला बिघाड एक विकर निळ्या प्रकाशाच्या साह्याने दुरुस्त करते. जपानमधील सासानिशिकी ही जात या किरणांना चांगला टिकाव धरते, तर तिच्याच जवळच्या नात्यातील नोरिन-१ ही जात नाजूक ठरते. तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी या भेदाचे मूळ त्याच विकराच्या रचनेतील एका लहानशा फरकात असल्याचे दाखविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रयोगशाळेत दिव्याखाली किरण पुष्कळ असतात, पण दुरुस्तीस लागणारा भरपूर दिवसाचा प्रकाश बहुधा नसतो. म्हणून तेथे हानी अधिक दिसते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात खुल्या शेतात हे किरण वाढवून पाहिले, तेव्हा उत्पादनात लक्षणीय घट आढळली नाही. शिवाय ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांना १९८७ च्या माँट्रियल करारान्वये आळा बसला आहे.

अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात तर श्रावणात आभाळ भरून असते. तेथील पिकास उन्हाचा जाच नसतो. उणीव भासते ती प्रकाशाचीच. म्हणून रोपवाटिका झाडाच्या सावलीत न करता मोकळ्या जागी करणे इष्ट होय.

पान बिघडल्यास प्रथम शेतभर फिरावे. ऊन साऱ्या शेतावर सारखेच पडते. बिघाड ठिकठिकाणी पट्ट्यांत असेल, तर कारण जमिनीत, पाण्यात वा रोगात शोधावे. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके येऊन वाढ खुंटल्यास जस्ताच्या उणिवेचा संशय घ्यावा व माती तपासून घ्यावी. रोपवाटिकेतील कोवळी पाने पिवळसर-पांढरी पडत असल्यास लोहाची उणीव संभवते. मधोमध राखी व कडेने तपकिरी असे माकूच्या आकाराचे ठिपके करप्याचे होत. टोकाकडून कडेने वाळत जाणारे पान कडा करप्याचे असू शकते. अशा शेतात नत्राचा हप्ता तूर्त थांबवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास किरणांची भीती घालू नये, आणि त्यांपासून रक्षणाच्या नावाखाली कोणी औषध विकू लागल्यास ते घेण्यापूर्वी रोगट पाने व माती तपासून घेण्याचा आग्रह धरावा. आभाळाला बोल लावून पान हिरवे होत नाही. बांधावरून उतरून रोप हाती घेतले, तरच त्याचे दुखणे कळते.