पंखा फिरतो, पण वारा कुठे आहे?

विद्यार्थीमित्रांनो, गेल्या एप्रिलमधली गोष्ट. नाशिकच्या गंगापूर रोडवर आमच्या शेजारी राहणारी अकरावीची एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. लॅपटॉप थोरल्या भावाचा, पाच वर्षे वापरलेला. म्हणाली, "सर, सुरू केला की दहा मिनिटांत तव्यासारखा तापतो. मग अगदी हळू चालतो आणि शेवटी आपोआप बंद पडतो. दुकानात दाखवला, तर मदरबोर्ड गेलाय, नवाच घ्या म्हणाले." नवा घेणे घरच्यांना शक्य नव्हते, आणि तिचा सारा अभ्यास त्याच यंत्रावर चालला होता.

मी विचारले, "पंखा फिरतो का?"

"फिरतो ना सर! केवढा आवाज येतो!"

मी तिला पातळ कागदाची एक पट्टी लॅपटॉपच्या कडेच्या झरोक्यापुढे धरायला सांगितली. पट्टी जेमतेम हलली. पंखा घोंघावत होता, पण वारा नव्हता. आवाज हा वाऱ्याचा पुरावा नव्हे, हा त्या दिवशीचा पहिला धडा.

आता लॅपटॉपच्या आत काय चालते ते पाहू. प्रोसेसर ही नखाएवढी चकती जी वीज घेते, तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. ही उष्णता बाहेर नेण्यासाठी चकतीवर तांब्याची एक चपटी, बंद नळी बसवलेली असते. नळीत अगदी थोडे पाणी कमी दाबाखाली असते. गरम टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी वाफेचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते परत येते. २० वॅट उष्णता वाहायला मिनिटाला अवघ्या अर्ध्या ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. तुम्ही पुस्तकात शिकता तो अप्रकट उष्मा तो हाच! नळीच्या थंड टोकाला धातूचे पातळ पत्रे दाटीने बसवलेले असतात. पंखा खालून हवा ओढतो, त्या पत्र्यांमधून ढकलतो आणि झरोक्यातून बाहेर सोडतो.

हवा कमी पडली तर काय होते, ते गणिताने पाहा. एक लिटर हवेचे वस्तुमान साधारण १.१ ग्रॅम असते, आणि एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक जूल उष्णता लागते. समजा, यंत्र सेकंदाला २० जूल उष्णता बाहेर टाकते आहे आणि पंखा सेकंदाला २ लिटर हवा देतो आहे. मग हवा सुमारे ९ अंशांनी तापून बाहेर पडेल. हवेचा ओघ एक पंचमांश झाला, तर तीच हवा ४५ अंशांनी तापेल. खोलीत ३५ अंश असतील तर बाहेर येणारी हवाच ८० अंशांवर जाईल. प्रोसेसर त्याहूनही गरम असणार. पुष्कळ प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. म्हणजे मुलीचा लॅपटॉप मंद होत होता, तो म्हातारा झाला म्हणून नव्हे. तो स्वतःचा जीव वाचवत होता.

येथून पुढे निदान करायला हात आणि कागदाची पट्टी पुरते. झरोक्यातून वारा थोडा पण खूप गरम येत असेल, तर उष्णता पत्र्यांपर्यंत पोचते आहे. वाट तुंबली आहे. वारा भरपूर पण कोमट, आणि तरी यंत्र तापते, तर चकती आणि नळी यांच्यामधला उष्णतावाहक लेप वाळला असण्याचा संभव आहे. यंत्र तापूनही आवाज नाही आणि वाराही नाही, तर पंखाच अडकला किंवा बिघडला आहे. आमचा रोगी पहिल्या प्रकारचा होता.

आम्ही तो उघडला. पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धूळ, कापूस आणि केस यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता. मुलगी रोज रात्री लॅपटॉप गोधडीवर ठेवून अभ्यास करी. त्यामुळे खालची भोके झाकली जात आणि पंखा गोधडीचे तंतूच आत ओढी. थर चिमट्याने सोलून काढला, उरलेली धूळ मऊ ब्रशने झाडली. झाकण लावून पट्टी धरली, तर ती फडफडू लागली! त्या दिवसापासून लॅपटॉप आपोआप बंद पडलेला नाही.

असे काम करताना काही पथ्ये पाळावीत. शिक्षक किंवा जाणता माणूस शेजारी असावा. चार्जर काढून, यंत्र पूर्ण बंद करून, आत बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर हात न लावता काम थांबवावे. हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बिघडते. हमीची मुदत बाकी असेल, तर कंपनीच्याच केंद्रात जावे.

आता माझे म्हणणे सांगतो. वहन, अभिसरण, प्रारण हे शब्द आपण शाळेत पाठ करतो, व्याख्येला पूर्ण गुण मिळवतो. आणि घरातले यंत्र तापले की त्या व्याख्या विसरून दुसऱ्याच्या निर्णयावर विश्वास ठेवतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या प्रयोगशाळेत उपकरणे कपाटात बंद असतात आणि प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते. बिघडलेल्या यंत्राचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, म्हणूनच तो खरा प्रयोग आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने महिन्यातून एक तास टाकाऊ पंखे, मिक्सर आणि जुने लॅपटॉप उघडण्यासाठी ठेवावा, असे मला वाटते. आधी तर्क लिहावा, मग झाकण काढावे.

काही शिक्षक म्हणतील, "मुले मोडतील." मोडतील खरी, पण मोडीत निघालेल्या यंत्रावर शिकण्यात नुकसान ते कोणाचे? काही म्हणतील, हे कारागिराचे काम आहे. सोल्डरिंगचे नाजूक काम जरूर त्याच्याकडे द्यावे. परंतु काय बिघडले असावे हे ज्याला कळते, तोच कारागिराला नेमका प्रश्न विचारू शकतो, आणि प्रामाणिक कारागिराला असे गिऱ्हाईक आवडतेच. भारत सरकारने २०२२ मध्ये ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. हक्क कागदावर मिळेल. तो वापरायला लागणारी समज मात्र शाळेतच मिळायला हवी.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेलात की कागदाची एक पट्टी कापा आणि लॅपटॉपच्या झरोक्यापुढे धरा. तो आधी पलंगावर आणि मग टेबलावर ठेवून दोन्ही वेळा पाहा. काय दिसले ते वहीत लिहा, आणि ते तसे का दिसले हे आपल्या शिक्षकांना विचारा. त्यांनाही लगेच सांगता आले नाही, तर फारच उत्तम. दोघे मिळून शोधा!