बॉनेटखाली कोण?

अमेरिकेत जुनी ‘मसल कार’ विकत घेऊन ती घरच्या गॅरेजमध्ये नव्याने उभी करणे हा मोठाच शौक आहे. १९६४ मध्ये पॉन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ काढली आणि डेट्रॉईटच्या कारखान्यांत चढाओढ लागली. साधीसुधी दोन दारांची गाडी आणि आत आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन, एवढीच या गाड्यांची कुळकथा. पण पत्रा ठोकून, रंग देऊन झाला की शौकिनाची झोप उडवणारा प्रश्न येतो तो इंजिनाचा.

उदाहरणादाखल १९६७ ते ६९ या काळातली शेव्हरले कॅमेरो घेऊ. गाडीत कारखान्यातून आलेलेच इंजिन असेल तर ते आधी ओळखावे. १९६८ पासून इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचा भाग ठोकलेला असे. हे आकडे जुळले, तर गाडीची किंमत पुष्कळच वाढते. असे इंजिन भंगारात देणे म्हणजे शुद्ध वेडेपणा! दुसरे बसवायचेच असेल, तर मूळ इंजिन तेल लावून, झाकून जपून ठेवावे.

आकडे जुळत नसतील तर मन मोकळे करून निवड करता येते. सर्वांत सोयीचे ३५० घन इंचांचे इंजिन. आपल्या मारुती ८०० ची सात इंजिने एकत्र केली तरी ते थोडे मोठेच भरेल. १९६७ मध्ये ते प्रथम कॅमेरोतच आले, त्यामुळे जागेवर नीट बसते आणि सुटे भागही सहज मिळतात. त्याहून मोठे ‘बिग ब्लॉक’ सुमारे ५० किलोने जड. त्याचा भार पुढच्या चाकांवर पडतो आणि सरळ रस्त्यावर उधळणारी गाडी वळणावर नाक मुरडते. तरी मोह होतोच, कारण जुन्या जाहिरातींतले अश्वशक्तीचे आकडे! त्यांवर फार विसंबू नये. १९७१ च्या कॉर्व्हेटमधल्या साध्या ३५० इंजिनाची शक्ती २७० सांगितली जात होती, पुढच्याच वर्षी ती २०० झाली. इंजिन तेच होते. आधी पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजत, १९७२ पासून जोडून मोजू लागले.

तिसरी वाट १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेल्या ‘एलएस’ घराण्याची. ॲल्युमिनियमचा ब्लॉक वजनाला हलका, थंडीतही इंजिन चटकन सुरू होते. मात्र कार्ब्युरेटरची जागा संगणक घेतो. जास्त दाबाचा पेट्रोलपंप, नवे वायरिंग, वेगळे ऑइल पॅन, एक्झॉस्टचे पाइप, सगळेच बदलावे लागते. इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून आनंदलेल्या माणसाला खरी झळ इथे बसते. मूळची सहा सिलिंडरची गाडी असेल, तर गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि पुढचे ड्रम ब्रेक यांचाही खर्च धरावा. ब्रेकवर काटकसर करून इंजिनावर उधळणाऱ्याच्या शेजारी घरच्यांनी बसू नये, असे आमचे मत आहे.

जुनेच इंजिन ठेवणाऱ्यांनी पेट्रोलकडे लक्ष द्यावे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून बंद आहे, आणि शिशाशिवाय जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. हेड उघडलेच आहे, तर तिथे कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात.

बाजारात इंजिनाच्या मापाचे प्लॅस्टिकचे पोकळ सांगाडेही मिळतात. आधी तो सांगाडा बॉनेटखाली ठेवून पाहावा. ऑइल पॅन कुठे अडते, स्टिअरिंगजवळून पाइप जातो का, हे कळते. खऱ्या इंजिनाचे पैसे त्यानंतर मोजावेत.