सावध कोणी राहायचे?

यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये निर्बंध लादले आणि पुढच्याच नोव्हेंबरात तिचा परवाना रद्द केला. ठेव विम्यामुळे पाच लाखांपर्यंतची रक्कम सुरक्षित राहिली. त्यावरची अवसायनात अडकली. हे ठेवीदार कुणा भामट्याच्या फोनला भुलले नव्हते. रीतसर परवान्याच्या बँकेत त्यांनी रीतसर पैसे ठेवले होते. तेव्हा या जिल्ह्यात तरी ज्येष्ठांना ‘सावध राहा’ असे बजावण्याआधी यंत्रणेने स्वतःची झाडाझडती घ्यावी.

उपदेशाला मात्र तोटा नाही. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे फलक शाखाशाखांत लागले आहेत. पण झरी जामणीच्या खेड्यातल्या ज्या आजीला श्रावणबाळ योजनेचे दीड हजार काढायचे असतात, तिचा ओटीपीशी संबंधच येत नाही. तिची सही म्हणजे तिचा अंगठा. गावातल्या बँक सेवा केंद्राचा चालक म्हणतो, ‘लागला नाही आजी, पुन्हा लावा.’ उभा जन्म कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. अंगठा खरोखरच लागत नाही, प्रामाणिक चालकही हेच सांगतो. मग दुसऱ्या अंगठ्याला पैसे दुसऱ्यांदा निघाले की नाही, हे तिने ओळखायचे कसे? पासबुक भरायला तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. प्रत्येक अंगठ्यामागे छापील पावती आणि यंत्राने मराठीत मोठ्याने सांगितलेली रक्कम, एवढे तरी सक्तीचे करायला काय हरकत आहे?

शहरातल्या निवृत्त गुरुजींची गत वेगळी. त्यांना व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दाखवून ‘डिजिटल अटक’ केली जाते. कायद्यात अशी अटकच नाही. प्रकरण इतके विकोपाला गेले, की डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. पण मुदत ठेव मोडायला गुरुजी अनेकदा स्वतःच बँकेत येतात, कानाला फोन लावून, घामाघूम होऊन. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवण्याआधी ‘सर, घरी सगळं बरं आहे ना?’ एवढे विचारले, तरी भामट्याचा डाव तिथेच फसू शकतो. ठेव उघडताना खुर्ची देऊन चहा पाजणाऱ्या बँकेला हे जड जाऊ नये.

घरचेही कमी दोषी नाहीत. ‘म्हातारपणी अक्कल गहाण टाकली का?’ हे ऐकावे लागेल या धास्तीने माणूस दोन दिवस तोंड उघडत नाही. तोवर 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवून पैसे मधेच गोठवण्याची वेळ निघून गेलेली असते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांची आढावा बैठक होते. पीककर्जाच्या आकड्यांसोबत, कोणत्या शाखेतून आणि कोणत्या सेवा केंद्रातून ज्येष्ठांचे किती पैसे गेले, किती परत मिळाले, याचाही हिशेब तिथे मागावा आणि तो जाहीर करावा.