मध्यस्थ आणि उमेदवार

काळी नदीवरील धरणात सुपा गाव बुडाले, विस्थापितांची रामनगरला वसाहत झाली. परंतु जोयडा तालुक्यातील अनेक तरुणांना पोटासाठी आजही गोमंतकाची वाट धरावी लागते. तेथे पुष्कळदा पहिली गाठ पडते ती मालकाशी नव्हे, नोकरभरती करणाऱ्या मध्यस्थाशी. त्याला सरसकट ठक ठरविणे अन्यायाचे, तसा आंधळा विश्वासही घातक. तो बहुधा मालकाच्या वतीने माणसे शोधतो, हे ध्यानी ठेवावे. उमेदवाराने शिक्षण व अनुभव खरेपणाने सांगावा, वेतन व कामाच्या अटी लेखी घ्याव्यात. मूळ प्रमाणपत्रे मात्र हातची सोडू नयेत. परदेशी नोकरी असल्यास १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये दलालाची नोंदणी झाली आहे काय, हे आधी पडताळावे. ज्यांची जमीन गेली, त्यांचे श्रम तरी फसवणुकीत जाऊ नयेत!