क्लोन झाले, पण उघडले नाही



वार्तापत्राच्या या पानावर दर वेळी आम्ही शाळेच्या यशाबद्दल लिहितो. या वेळी आमच्याच एका चुकीबद्दल लिहायचे आहे. विषय संगणकाचा आहे, तरी ज्यांना संगणकात रस नाही त्यांनीही तो वाचावा अशी विनंती आहे.

गेल्या सत्रात अकरावीच्या तीन विद्यार्थ्यांनी पावसाच्या नोंदींचा प्रकल्प घेतला. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि पायथॉनमधल्या छोट्या प्रोग्रॅमने त्याचा आलेख काढायचा. साडेआठची वेळ त्यांनी मनाने ठरवलेली नव्हती. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते, हे त्यांनी शोधून काढले होते. काम तिघांचे, म्हणून त्यांनी गिट वापरले. कोणी, केव्हा, काय बदलले याची खतावणी गिट ठेवते. फाइली आणि ही सारी खतावणी मिळून जे होते त्याला रिपॉझिटरी म्हणतात, आणि तिची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेणे म्हणजे क्लोन करणे. होळकरांच्या दफ्तरातले नकलनवीस हेच करीत, फक्त बोरूने.

आमच्या संगणक कक्षात उबुंटू लिनक्स आहे, कार्यालयात विंडोज. मुदतीच्या दिवशी आम्ही कार्यालयात बसून ती रिपॉझिटरी क्लोन केली. पडद्यावर इंग्रजीच्या तीन-चार ओळी आल्या. फोल्डर उघडून पाहिले तर रिकामे. आम्ही प्रकल्पाच्या वहीवर शेरा लिहिला, ‘काम अपूर्ण’. त्यातला एक मुलगा म्हणाला, “सर, लॅबमध्ये सगळं चालतं.” आम्ही म्हणालो, “चालतं, तर इथे दिसत का नाही?” तो गप्प बसला. त्याचे ते गप्प बसणे अजून आमच्या लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या शिक्षिकांनी त्याच ओळी वाचल्या. आम्ही पहिली ओळ वाचून थांबलो होतो. त्यांनी शेवटचीही वाचली. तिथे लिहिले होते, ‘क्लोन सक्सीडेड, बट चेकआउट फेल्ड’. म्हणजे नक्कल पूर्ण उतरली होती, ती टेबलावर मांडता आली नव्हती, एवढेच.

हे दोन टप्पे प्रत्येकाने समजून घ्यावेत. आधी गिट सारी खतावणी आपल्या संगणकावर आणते आणि एका लपलेल्या फोल्डरात ठेवते. मग तिच्यातून ताज्या फाइली काढून समोर मांडते. पहिल्या टप्प्यात चूक झाली तर कारण बहुधा नेटची जोडणी, पत्ता किंवा परवानगी यांत सापडते. दुसऱ्या टप्प्यात चूक झाली तर कारण बहुधा फाइलींच्या नावांत असते. कोणता टप्पा अडला हे न पाहता उपाय करत सुटणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता गोळ्या देणे होय.

आमच्या बाबतीत दोष एका टिंबाच्या जोडीचा होता. मुलांनी फाइलींच्या नावांत तारखेपुढे 8:30 असे लिहिले होते. लिनक्सला त्यात काही वावगे वाटत नाही. विंडोजमध्ये मात्र नावात विसर्गासारखे ते चिन्ह चालत नाही. प्रश्नचिन्ह, तारका आणि दुहेरी अवतरणचिन्हही चालत नाही. असे एक जरी नाव आढळले तरी गिट तिथेच थांबते, म्हणून सारे फोल्डर रिकामे दिसले. मुलांनी लॅबमध्ये बसून त्या चिन्हाच्या जागी आडवी रेघ घातली, बदल नोंदवला, आणि आम्ही पुन्हा क्लोन केले. आलेखासकट सारे काम समोर आले. जुन्या नोंदींत जुनी नावे राहतातच, पण ताजी प्रत उघडते.

त्यानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिले, त्यामुळे त्याचे संस्कार लिनक्सच्या घरचे आहेत. विंडोजच्या घरच्या चालीरीती वेगळ्या, त्यांतल्या काही डॉसच्या काळापासून चालत आलेल्या. तिथे सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही नावे उपकरणांसाठी राखून ठेवलेली आहेत; त्या नावाची फाइल गिट तिथे मांडत नाही. खुद्द लिनक्सच्या मूळ रिपॉझिटरीत एयूएक्स नावाची एक फाइल आहे, आणि ती विंडोजवर क्लोन करणाऱ्याला नेमकी हीच चूक दिसते. जाणत्यांच्या कामालाही जे चुकले नाही, ते आमच्या अकरावीच्या मुलांना कसे चुकणार?

दुसरी अडचण मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांची. आपल्या देवनागरीत हा भेदच नाही, त्यामुळे आपल्या मुलांचे तिकडे लक्ष जात नाही. लिनक्सला मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव आणि लहान अक्षराने सुरू होणारे तेच नाव ही दोन वेगळी नावे वाटतात. विंडोज आणि मॅक दोघेही सहसा ती एकच मानतात. अशा दोन फाइली असतील तर तिथे एकच समोर येते. काही हात न लावता क्लोन होताच गिट ‘फाइल बदलली आहे’ म्हणू लागले, तर प्रथम हाच संशय घ्यावा. 2018 पासूनच्या गिटमध्ये याची सूचनाही मिळते. उपाय सोपा आहे : लिनक्सवर जाऊन दोहोंपैकी एकीचे नाव बदलावे.

तिसरी अडचण ओळीच्या शेवटाची. आमच्या पिढीने टायपिंगच्या वर्गात यंत्र बडवले आहे. ओळ संपली की गाडी मागे ओढायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, या दोन क्रिया. विंडोज आजही ओळीच्या शेवटी या दोन्ही खुणा ठेवते, लिनक्स दुसरी एकच ठेवते. म्हणून विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर पहिल्याच ओळीला अडते, आणि पाहणाऱ्याला तर दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. यासाठी रिपॉझिटरीत गिटॲट्रिब्यूट्स नावाची फाइल ठेवून कोणत्या फाइलीला कोणता शेवट हवा ते एकदा लिहून ठेवता येते. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर वेगळी सेटिंग करत बसण्यापेक्षा हे बरे, कारण हा नियम नकलेबरोबरच सगळीकडे जातो.

चौथी अडचण खास आपली आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ नाही, त्यामुळे मराठी टाइप करताना आम्ही अजूनही तिथे अडखळतो. पण संगणकही तिथेच अडखळतो हे या निमित्ताने कळले! हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते, ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. मॅकची जुनी फाइलप्रणाली नावातले अक्षर फोडून दुसऱ्या रीतीने साठवत असे. डोळ्यांना नाव तेच, पण गिटच्या लेखी एक फाइल गेली आणि दुसरी नवीच आली. मॅकवरच्या गिटमध्ये यासाठी 2012 पासून सोय आहे. मात्र काही कळफलक हेच रूप ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण असे उमटवतात, आणि तो भेद ती सोयही मिटवत नाही. शिवाय देवनागरी नावांच्या जागी गिट कधी कधी तिरक्या रेघा आणि आकडे दाखवते. ते पाहून घाबरू नये. नाव शाबूत असते. कोअर क्वोटपाथ ही सेटिंग बंद केली की मराठी दिसू लागते.

राहिली लांब पत्त्याची गोष्ट. फोल्डरात फोल्डर करत पत्ता 260 अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजवर चूक येते. सी ड्राइव्हवर अगदी वरच छोट्या नावाच्या फोल्डरात क्लोन करावे किंवा गिटची लाँगपाथ्स ही सेटिंग चालू करावी.

आता आमचे मत. हा प्रसंग कळल्यावर काही हितचिंतकांनी सुचवले की शाळेत आणि घरी सर्वांनी एकच ऑपरेटिंग सिस्टिम ठेवावी, म्हणजे कटकट मिटेल. सूचना सद्भावनेची आहे, पण आम्हाला ती पटत नाही. कोणाच्या घरी वडिलांच्या ऑफिसचा लॅपटॉप आहे, कोणाकडे दादाचा जुना संगणक, कोणाकडे काहीच नाही. शाळेच्या सोयीसाठी पालकांनी खर्चात पडावे असे आम्ही सांगणार नाही. आणि उद्या ही मुले जिथे कामाला जातील तिथे तिन्ही प्रकारची यंत्रे असतील. घरी मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी अशा तीन बोलींत आपली मुले रोज वावरतात. कोणती गोष्ट कुठे कशी बोलावी हे ती जसे शिकली, तसेच हेही शिकतील.

आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर काही जण सांगतात की विंडोजवर नावाची चूक आली तर गिटची ती तपासणीच बंद करून टाकावी. तसे करू नये. ती तपासणी फसव्या नावांच्या फाइलींपासून रक्षण करण्यासाठी आहे. कुलूप अडले म्हणून दाराच्या बिजागऱ्या काढायच्या नसतात. नाव बदलणे हाच सरळ उपाय.

म्हणून या सत्रापासून संगणक कक्षात एक छोटा तक्ता लागला आहे. फाइलीचे नाव लहान इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यांतच ठेवावे. मराठी हवी तेवढी फाइलीच्या आत लिहावी. नाव आखूड असावे. प्रकल्प सुरू करतानाच ओळीच्या शेवटाचा नियम लिहावा. आणि काम देण्याआधी ते एकदा दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर क्लोन करून पाहावे. घरी दुसरा संगणक नसेल त्यांच्यासाठी दर शनिवारी कार्यालयातला विंडोज संगणक अर्धा तास मोकळा ठेवला जाईल.

मराठी नावांवर अशी बंधने घालताना आम्हाला बरे वाटत नाही, हेही सांगून टाकतो. देवनागरी नाव चूक नाही, ते चालतेही. पण तिघांच्या तीन यंत्रांवर जाणारे काम अडू नये म्हणून सध्या हा मार्ग धरला आहे. आपल्यातलीच कोणी मुले उद्या ‘ऱ’ची ही अडचण कायमची सोडवतील, तेव्हा हा तक्ता आम्ही आनंदाने उतरवू.

तक्त्यावरचा शेवटचा नियम शिक्षकांसाठी आहे, आणि त्यात आम्हीही आलो : ‘काम अपूर्ण’ लिहिण्याआधी पडद्यावरची शेवटची ओळ वाचावी. पालकांनाही हेच सांगणे आहे. मूल ‘तिकडे चालत होतं’ म्हणाले की ती सबब समजू नये. पुष्कळदा ते शब्दशः खरे असते.

त्या वहीवरचा शेरा आम्ही वर्गात, सर्वांसमोर खोडला आणि खाली सही केली. त्या मुलाने वही हातात घेतली, शेरा पाहिला आणि विचारले, “सर, विंडोजवर आलेख आला ना?” आला, बाळ. छान आला.

आपला,
प्राचार्य