सीना, चाप आणि धूर

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी भंगाराला तोटा नाही. त्यातून जाड पत्र्याचे पिंप निवडावे, जाळून साफ करावे, तळाशी हवेसाठी भोके पाडून मध्ये जाळी बसवावी, की घरी मांस धुरावण्याची सोय होते. (जस्ताचा मुलामा असलेले पिंप मात्र वर्ज्य, तापल्यावर त्याची वाफ विषारी ठरते.) परंतु त्या जाळीवर ठेवायच्या डुकराच्या फासळ्यांविषयी मराठीत बोलू जावे, तर जीभ अडखळते. हे अडखळणे आम्हांस वाङ्मयीन प्रश्न वाटते.

हौशी मंडळी ‘बेबी बॅक’, ‘स्पेअर रिब्ज’, ‘सेंट लुई कट’ अशी नावे घेतात. पहिल्या फासळ्या कण्यालगतच्या, आखूड आणि बाकदार. दुसऱ्या छाती-पोटाकडच्या, लांब, चपट्या, अधिक चरबीच्या. तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्यातीलच छातीचे हाड व कुर्चा कापून केलेला आयत. आता आमच्याकडील मटणाच्या दुकानात उभे राहा. तेथे कण्याकडच्या भागास ‘चाप’ म्हणतात, छातीकडच्यास ‘सीना’. दखनी उर्दूच्या सहवासात रुळलेले हे शब्द बकऱ्यास चालतात, मग डुकरास का नकोत?

आमची पसंती सीन्याला. आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा ओढून काढावा, मीठ, तिखट आणि किंचित गूळ चोळावा. विस्तव एका कडेस, मांस दुसऱ्या कडेस. आच ११० अंश सेल्सिअसच्या आसपास राखली, तर पाच-सहा तास लागतात. चापेला त्याहून कमी. लाकूड वाळलेले हवे, आंब्याचे किंवा बाभळीचे. दाट पांढरा धूर मांस कडवट करतो. सावकाश आचेने स्नायूंमधले चिवट कोलॅजेन विरघळून मऊ होते. मांस हाडावरून मागे सरून हाडाची टोके दिसू लागली, की काम होत आले. उघड्यावर फिरणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, म्हणून आतपर्यंत शिजणे अटळ.

हे सारे ज्ञान आहे. परंतु आमच्या वर्गांत दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतील अन्न ज्ञान म्हणून शिकवले जात नाही. ‘दाहक वास्तव’ या एका शब्दप्रयोगात ते गुंडाळले जाते. २०१३ साली आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे शीर्षक म्हणजे कैकाडी बोलीतले ‘डुक्कर’. त्यावर आम्ही प्रतीक म्हणून उदंड बोलतो, प्राण्याविषयी अवाक्षर नाही. वर्गात ज्याच्या घरी डुकरे पाळली जातात असा एखादा मुलगा असतो, आणि आपल्या आजीचे कसब हे केवळ वेदनेचे उदाहरण आहे, असे तो आमच्याकडून शिकून जातो.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) आम्हांस याचसाठी मोलाचे वाटते. मराठवाड्यातील दलितांचे जेवण तेथे पदार्थ आणि कृतींसह येते. चान्या, म्हणजे मांसाच्या उन्हात वाळवलेल्या पट्ट्या, हा उपासमारीचा पुरावा आहेच. ते टिकवणीचे शास्त्रही आहे. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. डुकराच्या मांसावर त्या कायद्याने बंदी आणली नाही. तरीही ते अनुच्चारितच राहिले.

आमच्यावर आक्षेप येईल, की सुखवस्तू घरांच्या गच्चीवरील या चवचालपणाने अपमानाचा इतिहास पुसला जाईल. आक्षेप खरा आहे. फासळ्या ‘रिब्ज’ झाल्या की महाग होतात, आणि डुक्कर पाळणाऱ्याची हेटाळणी तशीच राहते. म्हणूनच नावे इंग्रजीतून न आणता वस्तीतून यावीत, असा आमचा आग्रह आहे. येत्या सत्रात विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून मांसाच्या भागांची व टिकवणीची नावे विचारून आणावीत, कागदावर स्वतःचे नाव न घालता. अभ्यासक्रमात हे बसत नाही, असे एका सहकाऱ्यांनी आताच बजावले आहे.